ठेल्यावर बघून शिकलेलं इंटरव्ह्यूत सांगू का?

पत्र: मॅडम, मी बी.कॉम. फायनलला आहे, घर नागपूरला, महाल भागात. बाबांचं कूलरचं दुकान आहे, विक्री पण आणि रिपेअरिंग पण. कॉलेजला जाता-येता मला आजूबाजूला बघायची सवय लागलीय आणि त्यातून जे शिकायला मिळतं ते मी वहीत लिहिते. तर्री पोहेवाल्याकडून मेहनत आणि सातत्य, संत्रेवाल्याकडून संयम, गांधीबागेतल्या कापड दुकानांकडून स्पर्धेला न घाबरणं, असं. वहीच्या काही पानांचे फोटो पाठवतेय. घरचे म्हणतात हा टाइमपास सोड आणि एमबीए सीईटीचा अभ्यास कर. या सवयीचा करिअरला काही उपयोग आहे का? आणि इंटरव्ह्यूत हे सांगू का? (नाव छापू नका प्लीज.)

बेटा, पानं वाचली, अक्षर छान आहे आणि नजर त्याहून छान आहे. सवय टाइमपास नाहीये, हे घरच्यांना सांग, हवं तर मी म्हटलं म्हणून सांग. पण एक गोष्ट तुला स्पष्ट सांगते, वहीत आत्ता जे आहे ते सुविचार आहेत, धडे नाहीत. मेहनत, सातत्य, संयम हे शब्द तुला शाळेतच पाठ होते ना, मग पोहेवाल्यानं त्यात नवीन काय दिलं? ठेल्यावर न जाताही जे लिहिता आलं असतं ते ठेल्यावरून आलेलं नाही, एवढी एकच चाळणी लाव आणि बघ किती पानं उरतात. थोडी उरली तर वाईट वाटून घेऊ नको, बघायची सवय आहे हेच मोठं भांडवल आहे, आता फक्त कसं बघायचं ते शिकायचंय.

उद्या सकाळी त्याच पोहेवाल्याकडे परत जा आणि फक्त त्याचे हात बघ. पोहे एका मोठ्या भांड्यात झाकून ठेवलेले, तर्रीचं पातेलं वेगळं, मंद आचेवर, काळे चणे खाली बसलेले आणि वर लाल तवंग, कांदा चिरून एका डब्यात, चिवडा दुसऱ्या डब्यात, लिंबाच्या फोडी बाजूला. गिऱ्हाईक तोंड उघडेपर्यंत प्लेट बनतच नाही. कोणी म्हणतो तर्री कमी, कोणी म्हणतो चणे जास्त टाक भाऊ, कोणाला कांदा नको, आजोबांना नुसते पोहे हवेत, आणि हे सगळे प्रकार त्या चार-पाच भांड्यांतून काही सेकंदांत निघतात. त्यानं आधीच कालवून ठेवलं असतं तर पोहे भिजून गोळा झाले असते, आणि कालवलेला माल मागे तर फिरत नाही. म्हणजे तो काय करतो, मालाला शेवटचं रूप द्यायचं काम तो गिऱ्हाईक समोर येईपर्यंत लांबवतो. मॅनेजमेंटमध्ये याला पोस्टपोनमेंट म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात रंगाचं मशीन बघितलं असशील, शेकडो शेड्सचे डबे भरून ठेवण्यापेक्षा थोडे बेस ठेवायचे आणि गिऱ्हाइकानं कार्डावर बोट ठेवलं की मिसळून द्यायचं, तेच आहे हे. इटलीची बेनेटॉन कंपनी स्वेटर आधी बिनरंगाचे विणून ठेवायची आणि कोणता रंग चालतोय ते बघून मग रंगवायची, मॅनेजमेंटच्या वर्गात हे उदाहरण हमखास येतं. आता तुझ्या बाबांच्या दुकानाकडे बघ. कूलरची बॉडी, मोटर, पंप, पॅड हे वेगवेगळं ठेवून गिऱ्हाइकानं वुडवूल मागितलं की वुडवूल, हनीकोंब मागितलं की हनीकोंब असं बसवून देतात का, की तयार कूलर भरून ठेवतात? जूनमध्ये पाऊस लागला, हवा दमट झाली की कूलर काम करत नाही आणि विक्री बसते, तेव्हा तयार कूलर जास्त उरतात की सुटे पार्ट? ते बाबांना विचार. हे उत्तर वहीत लिहिलंस की तो धडा झाला.

बघून शिकणाऱ्यांत मला सगळ्यात आवडतो तो टोयोटाचा ताईची ओनो. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची कल्पना तो आधीपासूनच कारखान्यात लावून बघत होता, १९५६ मध्ये स्वतः तिथे गेला, मोटारींचे कारखाने बघितलेच, पण त्याच्या डोक्यात राहिलं ते सुपरमार्केट. गिऱ्हाईक हवं तेवढंच, हवं तेव्हा फळीवरून उचलतं आणि जेवढी जागा रिकामी झाली तेवढाच माल मागून येऊन भरतो. त्यानं यावरून ‘ग्राहक देवो भव’ असं लिहून वही मिटली नाही, त्यानं विचारलं की माझ्या कारखान्यात पुढचं मशीन हे गिऱ्हाईक आणि मागचं मशीन हे दुकान असं धरलं तर काय होईल, आणि त्यातून कानबानची पद्धत, म्हणजे पुढून कार्ड आलं की तेवढाच माल मागच्यानं बनवायचा, ती बसवायला कित्येक वर्षं खपला. नवीन इंजिनिअरला तो कारखान्यात जमिनीवर खडूनं गोल आखून त्यात उभं करायचा आणि तासन्‌तास फक्त बघायला लावायचा, असं सांगतात. तुझं कॉलेजला जाता-येता बघणं म्हणजे गोलाच्या बाहेरून बघणं आहे, एका जागी उभं राहायला लाग.

संत्रेवाल्याचं तर तू उलटंच लिहिलंय, म्हणून जरा थांबून सांगते. त्याच्याकडे संयम आहे असं तुला वाटलं कारण तो शांत बसलेला दिसला. पण आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, दाबलं की फळ आतून बसतं, आणि ते रोज थोडं-थोडं उतरत जातं, त्यामुळे त्याला वाट बघायची सोयच नाही. त्याच ठेल्यावर सकाळी भाव विचार आणि रात्री सामान आवरायच्या वेळी विचार, मोठं फळ किती आणि बारीक किती ते वेगळं विचार, आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या तोंडावरचा) माल भरपूर असतो तेव्हा आणि मृगाचा (उन्हाळ्याच्या तोंडावरचा) येतो तेव्हा परत विचार. कळमन्याच्या घाऊक मार्केटला हर्रास, म्हणजे लिलाव, बघायला मिळाला तर पहाटे उठून जा. मग कळेल की भाव म्हणजे नुसता आकडा नसतो, फळ खराब झालं तर नुकसान कोणाच्या खिशातून जाणार हे त्यात लपलेलं असतं. बागाईतदार, झाडावरचा माल आधीच घेऊन ठेवणारा व्यापारी, अडत्या, ठेलेवाला, यात शेवटी उरलेलं फळ कोणाच्या माथी बसतं हा प्रश्न तू धंदा कोणताही असो विचारत जा. हॉटेलची रिकामी खोली आणि विमानातली रिकामी सीट पण अशीच नाशवंत आहे, ती रात्र गेली, ते विमान उडालं की किंमत शून्य, आणि त्यांचे भाव ठरवायला कंपन्या पगार देऊन माणसं ठेवतात.

गांधीबागेचं फार लांबवत नाही. एकसारखी दुकानं एका लाइनीत का बसतात यावर हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये लिहिलंय, ते वाच. आणि ओळखीच्या एखाद्या दुकानदार काकांना विचार की गिऱ्हाइकानं मागितलेला माल संपला तर शेजारच्याकडून आणून देता का. हो म्हणाले तर ती स्पर्धा आणि सोबत दोन्ही आहे.

अजून एक, तू फक्त चालणारे ठेले बघतेस. बंद पडलेला ठेला दिसतच नाही ना, म्हणून. फुटाळ्यावर म्हण, बर्डीत म्हण, चांगली चव असलेला, मेहनती माणूसही सहा महिन्यांत उठून जातो, आणि कोपऱ्यावरचा पानवाला तुला कारण सांगेल, भाडं वाढलं, उधारी बुडाली, भावाशी पटलं नाही, समोरचा रस्ता खोदला. जे टिकले त्यांच्याचकडे बघून नियम काढले तर मेहनत केली की यश मिळतं असंच वाटत राहणार. दर महिन्याला एक तरी बंद पडलेला धंदा वहीत घे.

आता तुझा खरा प्रश्न, करिअर. या नजरेला पैसे देणारी एक नोकरी आहे जी कॉमर्सच्या मुलांना कोणी सांगतच नाही. स्मॉल फायनान्स बँका आणि एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्या, छोट्या दुकानदारांना कर्ज देतात, त्यातल्या बऱ्याच जणांकडे धड हिशोबाची पुस्तकं नसतात आणि रिटर्नमध्ये दाखवलेल्या उत्पन्नावरून धंद्याचा अंदाज येत नाही, मग क्रेडिट ऑफिसर स्वतः दुकानात जाऊन बसतो, गप्पा मारतो, बघतो आणि अंदाज बांधतो की याचा रोजचा गल्ला किती. त्या लाइनीत याला पीडी म्हणतात, पर्सनल डिस्कशन. पोहेवाल्याचंच घे. बारा जण उभे आहेत आणि मिनिटाला दोन प्लेटा निघतायत, म्हणजे नवीन माणसाला साधारण सहा मिनिटं थांबावं लागेल. हा साधा हिशोब जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणितानं सिद्ध केला, त्यांच्याच नावानं ओळखला जातो. पण रविवार सकाळची मिनिटाला दोन प्लेट धरून महिन्याचा गल्ला काढलास तर सपशेल चुकशील. मंगळवारी अकरा वाजता काय हालत असते? पाऊस असला की? मग उलटीकडून तपास, आठवड्याला पोह्यांची पोती किती लागतात, एकोणीस किलोचं कमर्शियल सिलिंडर किती दिवस पुरतं, कांदा किती लागतो, आणि दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास आले तरच अंदाज खरा मान. हे ज्याला जमतं त्याची त्या लाइनीत कदर होते आणि ते पुस्तकातून येत नाही. दुसरा रस्ता एफएमसीजीच्या, म्हणजे साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तूंच्या, सेल्सचा, तिथे रोज ठरलेल्या बीटवर दुकानं फिरायची असतात, दमछाक होते, पण दोन वर्षांत बाजार असा कळतो की नंतर एमबीएच्या वर्गात बाकीचे तुझ्या तोंडाकडे बघतील. तिसरा सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, तुला एक प्लेट पोहे पडतात केवढ्याला हे काढायला मजा येत असेल तर हा कोर्स तुझ्यासाठीच आहे, फक्त परीक्षा कठीण आहेत आणि चिकाटी लागते. सप्लाय चेन आणि मार्केट रिसर्चमध्ये पण ही नजर चालते.

एमबीए करू नको असं मी म्हणत नाहीये. सीईटी दे, अभ्यास कर, घरच्यांचं त्यात काही चुकत नाही. पण कोणतंही कॉलेज चालेल म्हणून लाखोंची फी भरायची असेल तर माझं मत नाही असंच आहे. चांगलं कॉलेज मिळालं तर जा, नाही मिळालं तर दोन वर्षं वर सांगितलेल्या कामांत घाल आणि मग परत परीक्षा दे, आपलं आयआयएम नागपूर २०१५ पासून इथेच आहे, पुढे त्याचंही बघता येईल, आणि कामाचा अनुभव घेऊन गेलेल्या मुलीकडे इंटरव्ह्यूत बोलायला खरं काहीतरी असतं.

आणि या उन्हाळ्यात तुझा सगळ्यात मोठा प्रोजेक्ट घरातच आहे. बाबांच्या दुकानाचा पैसा किती दिवस अडकतो ते काढ. समजा त्यांनी जानेवारीत दोन लाखांचा माल रोखीनं भरला, तो साधारण एप्रिलपर्यंत विकला गेला आणि उधारी जूनमध्ये वसूल झाली, म्हणजे पैसा पाच महिने बाहेर. महिना दीड टक्का व्याज धरलं तर महिन्याला तीन हजार, पाच महिन्यांचे पंधरा हजार. त्या मालावर चाळीस हजार सुटतात असं बाबा समजत असतील तर खरे पंचवीसच सुटले. आता होलसेलवाल्यानं महिनाभराची उधारी दिली तर काय फरक पडतो? रिपेअरिंगचे पैसे रोख येतात, त्यात माल फार अडकत नाही, मग सीझनच्या आधी मोटर आणि पॅड बदलायचं काम वाढवलं तर? खरे आकडे उधारीच्या वहीतून घे, बाबांजवळ बसून घे, त्यांना चुका दाखवायला म्हणून नाही, शिकायला म्हणून. त्यांना सगळं तोंडपाठ असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

इंटरव्ह्यूत हे सांग, नक्की सांग, पण ‘पोहेवाल्याकडून मी सातत्य शिकले’ असं नको. असं सांग: “माझ्या वडिलांचं सीझनल दुकान आहे. मी त्यांचा माल, उधारी आणि देणी यांचे दिवस मोजले, पैसा इतके दिवस अडकतो असं निघालं, त्यातले सगळ्यात जास्त दिवस उधारीत जात होते, म्हणून आम्ही उधारीवर कूलर देताना अर्धे पैसे आगाऊ घ्यायला लागलो आणि इतका फरक पडला.” आगाऊचं मी उदाहरण म्हणून लिहिलंय, तुमच्याकडे जे खरंच करून बघितलं तेच बोल. फरक पडला नसेल तर पडला नाही म्हणून सांग आणि का नाही पडला ते सांग, समोरचा माणूस तिथे कान टवकारतो.

ठेलेवाल्यांशी बोलताना एवढं पाळ बेटा: गर्दीच्या वेळी जाऊ नको, काहीतरी विकत घे, मी स्टुडंट आहे आणि शिकायला विचारतेय असं आधीच सांग, नाही म्हणाले तर नमस्कार करून निघ. व्हिडिओ काढू नको. कोणाच्या गल्ल्याचा आकडा नावासकट कुठे टाकायचा नाही, इंटरव्ह्यूतही नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे तो.

सीईटीचा फॉर्म वेळेत भर. स्कोअर आला की मिळू शकणाऱ्या कॉलेजांची नावं, फी आणि बाबांच्या दुकानाचा काढलेला हिशोब असं सोबत पाठव, मग एमबीए आत्ता की दोन वर्षांनी हे आपण आकडे समोर ठेवून ठरवू.