विकता येईल, असे गृहीत धरताना

निवडणुका, सत्तांतरे आणि युद्धे यांचा नेम नसलेल्या उदयोन्मुख देशांत पैसे गुंतवावेत का, हा प्रश्न गुंतवणूक सल्लागार म्हणून मला वारंवार विचारला जातो. तो घेऊन आलेले नाशिकचे एक निवृत्त अभियंते मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी ठेवलेल्या वीस लाखांपैकी निम्मे एकाच देशाच्या शेअर बाजारात घालणार होते, कारण तेथील शेअर स्वस्त होते आणि लाभांश भरघोस होता.

“बाजार पडला तर मी थांबेन, सर. कधीतरी वर येईलच ना?”

भाव पडणे आणि पैसे अडकणे यांतील फरक त्यांनी विचारात घेतला नव्हता. अर्जेंटिनात ११ ऑगस्ट २०१९ च्या प्राथमिक निवडणुकीत अध्यक्ष माक्री मागे पडले आणि दुसऱ्या दिवशी तेथील मेरव्हाल निर्देशांक सुमारे ३८ टक्क्यांनी कोसळला. घाव मोठा होता, तरी त्या दिवशी शेअर विकता येत होते. रशियाचे तसे झाले नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले, २८ तारखेपासून मॉस्कोतील शेअर व्यवहार थांबले, आणि महिनाभराने ते सुरू झाले तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांना विक्रीची मुभा नव्हती. दरम्यान, ९ मार्चला एमएससीआय या शेअर निर्देशांक तयार करणाऱ्या कंपनीने उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकातून रशियाला जवळजवळ शून्य भावाने वगळले. हा बाजारही स्वस्त आणि भरघोस लाभांशाचा म्हणूनच ओळखला जाई. त्या स्वस्ताईची भुरळ मलाही पडली होती, हे कबूल करतो. मात्र त्या निर्देशांकात रशियाचा वाटा जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे, अनेक देशांत विखुरलेल्या फंडातील गुंतवणूकदाराचे नुकसान तेवढ्यापुरते राहिले.

युद्धच व्हावे लागते असेही नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये मलेशियाने परदेशी गुंतवणूकदारांचे शेअरविक्रीचे पैसे बारा महिने देशाबाहेर नेण्यास मनाई केली. फेब्रुवारीत ती सैल करून तिच्या जागी कर बसवला.

“मुलीची फी कधी भरायची आहे?” मी विचारले.

“पुढच्या ऑगस्टमध्ये,” असे सांगून ते गप्प झाले.

शिक्षणाची रक्कम मुदत ठेवीतच राहिली. निवृत्तीच्या शिलकीतून, दहा वर्षे हात न लावण्याच्या बोलीवर, दोन लाख अनेक देशांच्या फंडात घालायचे ठरले. उठता उठता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “घर, जमीन, पेन्शन, सगळे भारतातच आहे, आणि भारतही उदयोन्मुख देशांच्याच यादीत आहे ना?” आहे, मी म्हणालो, आणि पुढची भेट त्याच प्रश्नासाठी ठेवली.