भिंतीपलीकडे काय आहे? एनर्जीप्लसमधल्या बाउंडरी कंडिशनबद्दल तुमचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच जागी अडलेले आहेत. भिंत, फरशी किंवा छत यांच्या पलीकडे काय आहे, हे एनर्जीप्लसला, म्हणजे इमारतीतल्या उष्णतेचं आणि ऊर्जेचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगणारी ती एक ओळ. तिलाच बाउंडरी कंडिशन म्हणतात. भिंतीचे थर आपण दोन-दोन दिवस निवडत बसतो आणि ही ओळ मात्र जशी आली तशी सोडून देतो.

प्रश्न : नागपुरातल्या तळमजल्यावरच्या दुकानाचं मॉडेल केलं. फरशीला ‘ग्राउंड’ दिलंय. मे महिन्याचा कूलिंग लोड (एसीला बाहेर काढावी लागणारी उष्णता) फारच कमी येतोय. कुठे चुकलं?

जमिनीचं तापमान तुम्ही वेगळं भरलेलं दिसत नाही. ते भरलं नाही, की एनर्जीप्लस बाराही महिने 18 अंश धरतं. मे महिन्यातलं नागपूर आणि फरशीखाली 18 अंश! एसी 24 वर, फरशी 100 चौरस मीटर आणि इन्सुलेशन नसलेल्या फरशीचा यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा) 3 च्या आसपास धरला, तर 6 × 3 × 100 म्हणजे 1800 वॅट उष्णता जमीन ओढून घेते. अर्ध्या टनाचा एसी फुकटात चालू आहे, असं समजा.

हे कळल्यावर बरेच जण वेदर फाइलमधली (गावाच्या हवामानाच्या फाइलमधली) जमिनीची तापमानं उचलून टाकतात. तसंही करू नका. ती मोकळ्या जमिनीची असतात. इमारतीखालची माती हळूहळू इमारतीच्या आतल्या तापमानाकडे झुकते. आतल्या सरासरीपेक्षा 2 अंश कमी धरा, असा मॅन्युअलमधला ठोकताळा आहे, पण तो अमेरिकेतल्या नेहमीच्या व्यावसायिक इमारतींसाठीचा. तुमच्या दुकानात रात्री एसी बंद असतो, म्हणून आधी आतली खरी सरासरी काढा. ती 28 आली तर फरशीखाली 26 धरून पाहा. मग ‘काही आकडे 15 ते 25 च्या बाहेर आहेत’ अशी वॉर्निंग येईल. घाबरून 25 करू नका. ती फक्त वॉर्निंग आहे, रन थांबत नाही. हाताशी वेळ असेल तर ‘फाउंडेशन’ निवडून कीवा, म्हणजे जमिनीतून जाणाऱ्या उष्णतेचं गणित करणारं साधन, वापरा. फरशीची कड आणि मध्य वेगवेगळे वागतात, हे त्यात नीट धरलं जातं.

प्रश्न : सात मजली इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. वरचा-खालचा स्लॅब ‘अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक’ केला तर चालेल ना?

सेंट्रल एसीचं ऑफिस असतं तर लगेच हो म्हटलं असतं. अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक म्हणजे ‘पलीकडेही अगदी माझ्यासारखंच आहे’ असं लिहून देणं. घराच्या बाबतीत ते खरं असेलच असं नाही. रात्री दहाला तुम्ही बेडरूमचा एसी लावता, तेव्हा वरच्यांचा बंद असू शकतो. बारा चौरस मीटरची खोली, स्लॅबचा यू-व्हॅल्यू 2.2 आणि 6 अंशांचा फरक धरला तर एका स्लॅबमधून साधारण 160 वॅट, वरचा-खालचा मिळून 300 च्या वर. एका बेडरूमसाठी हे थोडं नाही.

शेजारची घरं बिनएसीचे झोन (एकच तापमान धरलेले भाग) म्हणून मॉडेलमध्ये घ्या, किंवा ‘अदर साइड कोइफिशियंट्स’ वापरून पलीकडच्या तापमानाचं वेळापत्रक द्या. एसी किती टनाचा घ्यायचा हे ठरवताना तरी शेजारी बंदच धरावेत, असं माझं ठाम मत आहे. आणि अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक ठेवलंच, तरी स्लॅबचे थर खरे भरा. उष्णता आरपार जात नसली तरी काँक्रीटमध्ये साठते आणि रात्री खोलीत परत येते.

प्रश्न : पहिल्या मजल्याखाली स्टिल्ट पार्किंग आहे. ‘ग्राउंड’ की ‘अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक’?

दोन्ही नाही. ‘आउटडोअर्स’. ऊन ‘नो सन’, वारा ‘विंड एक्स्पोज्ड’. पार्किंगमध्ये बाहेरचीच हवा खेळते.

प्रश्न : दोन झोनमधल्या भिंतीला ‘सरफेस’ दिलं, तर दोन्ही बाजू जुळत नाहीत असं येतं.

थर बाहेरून आत असे वाचले जातात, म्हणून समोरच्या बाजूला तेच थर उलट्या क्रमाने लागतात. दोन्हीकडे एकच कन्स्ट्रक्शन (थरांची यादी) चिकटवलं, की हा घोळ होतो. क्षेत्रफळंही तपासा.

प्रश्न : पुण्यात पेठेतली इमारत आहे. पश्चिमेची भिंत शेजारच्या जुन्या वाड्याला चिकटून आहे. अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक?

वाड्यात एसी नसेल तर अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक नको. तीस चौरस मीटरची नऊ इंची विटांची भिंत, यू-व्हॅल्यू 1.7, पलीकडे 34 आणि आत 24 अंश, म्हणजे 500 वॅटच्या वर. त्या वाड्याचा साधा बिनएसीचा झोन करा. मध्ये हातभर बोळ असेल तर मात्र ‘आउटडोअर्स’ द्या आणि वाडा सावली देणारा पृष्ठभाग म्हणून उभा करा.

अजून एक. पेठांमध्ये वाडे पाडून नवी इमारत उभी राहायला काही वर्षं जातात. शेजारचा वाडा पाडला, तर तेवढे उन्हाळे तुमची ही भिंत पश्चिमेच्या उन्हात उघडी असेल. बाहेर 38 अंश आणि भिंतीवर कडक ऊन असेल तर भिंतीची बाहेरची बाजू 50 च्या वर सहज जाते, आणि 500 वॅटचा आकडा तिपटीच्या घरात पोहोचू शकतो. त्यामुळे या भिंतीला ‘आउटडोअर्स’ देऊन दुसरा रन जरूर करा आणि मालकांना दोन्ही आकडे दाखवा. शेजारच्या वाड्याचं काय चाललंय, हे त्यांनाच आधी कळेल.