रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत उतरवणारं साधन) प्रोग्राम न चालवताच ‘इथे दोघं एकाच डेटाला हात लावतायत’ हे कसं ओळखतो?

परवानग्यांचा हिशेब ठेवून: कोडच्या प्रत्येक टप्प्यावर वाचायचा हक्क कोणाकडे आणि लिहायचा कोणाकडे, एवढंच तो मांडत जातो. वाचणारे कितीही चालतील, पण लिहिणारा असेल तर तो एकटाच. अंधेरीच्या ऑफिसात रोज रस्टच लिहिते, त्यामुळे याचा मार भरपूर खाल्लाय. समजा, पश्चिम रेल्वेच्या स्टेशनांचा व्हेक्टर, म्हणजे वाढवता येणारी यादी आहे. ‘पहिलं’ या नावाने चर्चगेटचा रेफरन्स, म्हणजे मेमरीतला पत्ता घेतला, मग पुश करून शेवटी डहाणू रोड जोडलं आणि त्यानंतर ‘पहिलं’ छापलं. झालं, एरर ई०५०२: वाचणारा असताना लिहू पाहताय! उगाच कटकट वाटते, कारण चर्चगेटला कोणी हातही लावलेला नाही. पण व्हेक्टरची जागा पुरली नाही तर पुश अख्खी यादी मेमरीत दुसरीकडे हलवू शकतं, आणि रेफरन्स मात्र जुन्याच पत्त्यावर उभा. छापायची ओळ पुशच्या आधी घ्या, तक्रार मिटते. रेफरन्सचा शेवटचा वापर झाला की हक्क परत येतो. हाच विचार आकड्यांत हवा असेल तर संगणकशास्त्रज्ञ जॉन बॉयलंड यांनी २००३ मध्ये मांडलेले परवानगीचे अपूर्णांक बघा: पूर्ण १ हातात असेल तर लिहा, १/२ किंवा १/४ असेल तर फक्त वाचा.

मात्र हा हिशेब भित्रा आहे, खात्री पटली नाही तर बरोबर कोडही नाकारतो. तिथे रेफसेल हा रस्टमधला प्रकार वापरून तपासणी प्रोग्राम चालतानावर ढकलता येते, पण मग चुकलात तर पॅनिक, म्हणजे चालता प्रोग्राम कोसळणं, थेट ग्राहकासमोर.