वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाला छळतात. मानसशास्त्राचा काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठवीत आहे, वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाला रोज छळतात, तुमचा मुलगा त्यात नसतो पण काही बोलतही नाही. आणि विचारलंय, मानसशास्त्र इथे काय करणार? माझ्या मते सगळ्यात जास्त काम तुमच्या मुलासारख्या गप्प बसणाऱ्यांशीच करायचं असतं.

मी बडोद्यात शाळेत समुपदेशक आहे. एका नवरात्रात नववीतल्या मुलीच्या गरब्यातल्या फोटोचं कुणीतरी घाणेरडं स्टिकर बनवलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ते फिरत राहिलं. ग्रुपमध्ये 38 मुलं, पाठवणारी तिघं. आई म्हणाली, "मी फोनच काढून घेतला हो, कटकट मिटली." म्हणजे मैत्रिणी तुटल्या त्याही हिच्याच. फोन जाईल या भीतीनेच तर मुलं घरी सांगत नाहीत.

पाठवणाऱ्यांपैकी एक जण मला म्हणाला, "टीचर, ती पण हसली होती." तिने हसरा इमोजी टाकला होता, रडत रडत. वर्गात तिचा चेहरा दिसला असता तर तो तिथेच थांबला असता, असं मला अजून वाटतं. पडद्याआड माणसाचा संकोच सुटतो, यावर मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

उरलेल्यांचं काय? डार्ली आणि लताने या मानसशास्त्रज्ञांचा 1968 चा एक प्रयोग आहे. दुसऱ्या खोलीत कुणाला तरी फेफरं आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं तेव्हा फक्त 31 टक्के. ग्रुपवर तर 30-35 जण असतात.

मी त्या मुलांना चार-चार करून बोलावलं. भाषण दिलं नाही, एवढंच विचारलं, "तुला ते स्टिकर आवडलं होतं?" जवळजवळ सगळे नाही म्हणाले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना मजा येतेय. एकमेकांची उत्तरं ऐकून ती चकितच झाली. फिनलंडच्या शाळांमधला छळ रोखण्याचा 'किवा' कार्यक्रमही बघ्यांवर मोठा भर देतो. मी त्यांना ग्रुपवर भांडायला सांगितलं नाही. तिला एकटीला मेसेज करा म्हटलं. एकीने लिहिलं, "उद्या माझ्याजवळ बस, डब्यात थालीपीठ आहे." सुट्टीनंतर ती शाळेत आली ती त्या मेसेजमुळे, असं तिनेच मला सांगितलं.

तेव्हा आज मुलाला आधी शब्द द्या, काहीही सांगितलंस तरी फोन काढून घेणार नाही. मग ज्याला छळतात त्या मुलाला खासगीत दोन ओळी लिही, असं त्याला सांगा. स्क्रीनशॉट पुसू देऊ नका, वर्गशिक्षकांना दाखवा. धमक्या किंवा नग्न फोटो असतील तर मात्र थांबू नका: सायबर तक्रारीसाठी 1930, मुलांच्या मदतीसाठी 1098. आणि तो मुलगा जगणं नको असं काही बोलत असेल, तर त्याच्या घरी लगेच कळवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.