टो बॉलवर किती ओझं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये राहतो. गेल्या वर्षी सेकंडहँड युरोपियन लक्झरी एसयूव्ही घेतली. तीन लिटर डिझेल, एअर सस्पेन्शन, सात सीट. पुस्तिकेत ३५०० किलो ओढण्याची क्षमता दिली आहे. आता एक कॅम्पर ट्रेलर बघून ठेवलाय, त्याच्या पाटीवर टेअर (रिकाम्या ट्रेलरचं वजन) १३५० आणि एटीएम (भरल्या ट्रेलरचं कमाल वजन) १९०० किलो आहे. ईस्टरला ग्रॅम्पियन्स आणि सप्टेंबरच्या सुट्टीत फ्लिंडर्स रेंजेस असा बेत आहे. पुण्याहून सासू-सासरे येतायत, शिवाय आम्ही दोघं आणि दोन मुलं. ट्रेलर गाडीच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास आहे, त्यामुळे नवरा निर्धास्त आहे. मला मात्र धाकधूक वाटते.

उत्तर : तुमची धाकधूक रास्त आहे. ती कुठल्या आकड्याची असायला हवी, एवढंच सांगायचं राहिलंय.

डँडेनाँगच्या आमच्या वर्कशॉपमध्ये टो बार (ट्रेलर जोडायला गाडीमागे बसवलेला दांडा, त्यावरचा गोळा म्हणजे टो बॉल) आणि ट्रेलरच्या वायरिंगची कामं मी गेली पंधरा-सोळा वर्षं करतेय. येणारा प्रत्येक जण आधी साडेतीन टनाचा आकडा सांगतो. गाडीत माणसं बसल्यावर किती वजन उरतं, हे विचारणारा महिन्यात एखादाच. इंजिनाची ताकद तुमच्या गाडीत भरपूर आहे. अडचण येते ती गाडीच्या पाठीवर बसणाऱ्या ओझ्याची.

तुमच्याकडून फोनवर आकडे मागून घेतले ते यासाठीच. गाडीचं कर्ब वेट २३४०, म्हणजे टाकी भरलेली पण आत माणूस नाही. जीव्हीएम ३०५०, म्हणजे भरल्या गाडीचं कमाल वजन. मध्ये उरले ७१० किलो. आता यात काय काय बसतं ते बघा. सहा माणसं मिळून ३५०. टो बार आणि वायरिंग ४५. फ्रिज सामानासकट ५०. टपावरचा रॅक आणि बॉक्स ७५. मागच्या डिकीतल्या बॅगा ६०. इथवर ५८० झाले, आणि नवरोबा म्हणतील, अजून १३० किलो शिल्लक आहेत. पण ट्रेलरचा दांडा गाडीच्या बॉलवर टेकतो तेव्हा त्याचं ओझं गाडीच्याच खात्यात जातं. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के बॉलवर यावेत असा इथला रिवाज आहे. भरलेल्या १९०० किलोच्या कॅम्परचे झाले १९०. एकूण ७७०. म्हणजे साडेतीन टन ओढणारी गाडी दोन टनांहून हलक्या ट्रेलरला ६० किलोंनी ओव्हरलोड झाली. अपघात झाला तर विमा कंपनी हाच हिशेब मांडते.

एअर सस्पेन्शनमुळे तर आणखी फसायला होतं. स्प्रिंगची गाडी मागे दबलेली दिसते, बघणाऱ्याला कळतं. तुमची गाडी बॉलवर ओझं येताच हवा भरून स्वतःला सरळ करते. दिसायला सगळं झकास, पण मागच्या अॅक्सलवरचा आणि टायरवरचा भार तेवढाच राहतो. बॉल अॅक्सलच्या बराच मागे असल्यामुळे मागच्या अॅक्सलवर बॉलच्या ओझ्यापेक्षा जास्तच भार येतो आणि पुढची चाकं हलकी होतात. गाडी सरळ उभी आहे यावरून वजनाचा अंदाज बांधू नका. मागची बाजू उचलण्यासाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच (बॉलवरचं ओझं पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी) लावा असं कुणी सांगितलं, तर आधी गाडीची पुस्तिका उघडा. स्वतःची उंची स्वतः राखणाऱ्या गाड्यांना ते लावू नका, असं काही कंपन्या स्पष्ट लिहितात.

मग करायचं काय? टपावरचा रॅक आणि बॉक्स काढा. ७५ किलो गेले की ६९५ वर येता. त्यातलं सामान कॅम्परमध्ये हलवा, तिथे टेअर आणि एटीएमच्या मध्ये ५५० किलोंची जागा आहे. मात्र ते सामान ठेवायचं कुठे, हे नीट ठरवा.

मी शिरोळ तालुक्यातली. वडील हंगामात कारखान्याच्या ट्रॅक्टरवर असायचे, पण लहानपणी ऊस बैलगाड्यांतूनच जाताना पाहिलाय. मोळ्या पुढे जास्त झाल्या की जू बैलांच्या मानेवर बसायचं. मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं आणि जोतं बैलाच्या गळ्याला आवळायचं. जुना गाडीवान भरताना दर दहा मोळ्यांनी दांडी हाताने उचलून बघायचा. कॅम्परचं शास्त्र वेगळं नाही. जड वस्तू अॅक्सलच्या वर, तळाशी, आणि जराशी पुढे. बॉलवर ओझं फार झालं तर गाडी मागे दबते, कमी झालं तर ट्रेलर उलाळ होतो, आणि उलाळ ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलायला लागतो.

हे मी स्वतः अनुभवलंय. २०१४ साली ग्रॅम्पियन्सहून परत येत होतो. ट्रेलर ओळखीच्यांकडून उसना आणलेला. मुलांच्या चार सायकली मागच्या बंपरवर आणि उरलेली लाकडं मागच्या पेटीत. वेस्टर्न फ्रीवेवर पेंटलँड हिल्सवरून बॅकस मार्शकडे उतार लागला, वेग शंभरला टेकला आणि उजवीकडून एक मोठा ट्रक गेला. त्याची हवा ट्रेलरला बसली आणि आरशात ट्रेलरचं मागचं टोक आधी डावीकडे, मग उजवीकडे दिसायला लागलं. प्रत्येक झोक आधीच्यापेक्षा मोठा. यजमान गाडी चालवत होते, त्यांचा पाय ब्रेककडे गेला. मी ओरडले, ब्रेक नको, आणि डॅशखालच्या ब्रेक कंट्रोलरचं बटण स्वतः दाबलं. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर मागून ओढला गेला, ताणला गेला आणि सरळ झाला. चार-पाच सेकंदांचा खेळ. मागच्या सीटवर मुलं झोपलेली होती. खाली थांबून आम्ही लाकडं तिथेच सोडली, सायकली पुढच्या बाजूला बांधल्या आणि उरलेला रस्ता ऐंशीने आलो.

तेव्हा ते बटण कुठे आहे हे दोघांनाही, अंधारात चाचपून सापडेल इतकं, माहीत असू द्या. ट्रेलर हलायला लागला तर एक्सलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक मारू नका, बटण दाबा.

बॉलवरचं ओझं घरच्या घरी मोजता येतं. बाथरूमच्या काट्यावर १९० किलो ठेवलं तर काटा मोडेल, म्हणून एक जाड फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. दोन आधारांमधल्या अंतराचे तीन भाग करा आणि विटेपासून एक भागावर पाइपाचा तुकडा उभा करून त्यावर ट्रेलरचा दांडा टेकवा. आधी नुसत्या फळीने काटा जितका दाखवतो तेवढं वजा करायचं आणि उरलेल्याला तीनने गुणायचं. काटा ६३ म्हणाला तर बॉलवर १८९. ट्रेलर सपाट जागी, प्रवासात असतो तितकाच आडवा, चाकांना ठोकळे लावलेले आणि सगळं सामान आत भरलेलं हवं. रिकाम्या ट्रेलरचं माप घेऊन काही कळत नाही. पाण्याची टाकी तर दोनदा बघा. एक लिटर म्हणजे एक किलो, १२० लिटरची टाकी अॅक्सलच्या पुढे असेल तर ती भरली की बॉलवरचा आकडा लगेच वाढतो. ग्रॅम्पियन्समधल्या हॉल्स गॅपच्या कॅम्पिंग पार्कात नळाला पाणी आहे, इथून ओढत नेऊ नका.

नंतर एकदा सगळी माणसं, सगळं सामान घेऊन सार्वजनिक वजनकाट्यावर जा. जोडलेली गाडी काट्यावर, ट्रेलर बाहेर, तो आकडा ३०५० च्या आत हवा. मग दोन्ही मिळून, आणि तो आकडा पुस्तिकेतल्या जीसीएमच्या, म्हणजे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजनाच्या, आत. पावती गाडीत ठेवा.

ब्रेकबद्दल थोडक्यात. चाकांवर येणारं वजन, म्हणजे जीटीएम, ७५० किलोंच्या वर गेलं की ऑस्ट्रेलियात ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. २००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागण्याची सोय हवी. तुमचा साधारण १७१० ला बसतो. कंपनीने बसवून दिलेला टो बार असला म्हणजे इलेक्ट्रिक ब्रेक कंट्रोलरही आलाच असं समजू नका. युरोपात या वजनाच्या ट्रेलरना बहुतेक ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला मागून रेटायला लागला की आपोआप लागणारे) असतात, त्यामुळे तिकडच्या गाड्यांत तो सहसा नसतोच. वेगळा बसवून घ्या. साखळी कायद्याने एक पुरते, मी दोन लावते, दांड्याखालून एकमेकींवरून तिरक्या.

फ्लिंडर्सचं सांगते. हॉकरवरून विल्पेना पाउंडपर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथवर काही चिंता नाही. ब्रॅकिना गॉर्जचा रस्ता खडीचा आहे, ओढ्यातून जातो. तिकडे जाताना कॅम्पर विल्पेनालाच सोडा. तुमच्या गाडीला २१ इंचांची चाकं आहेत, टायरची भिंत बुटकी, आणि डिकीत सायकलच्या चाकासारखा बारीक स्पेअर. त्यावर ८० च्या वर जाता येत नाही, आणि अनेक कंपन्या तो लावून ट्रेलर ओढू नका असंच सांगतात. ब्रेकला अडत नसतील आणि टायरची भार क्षमता तितकीच असेल, तर १९ इंचांची चाकं आणि एक पूर्ण मापाचं स्पेअर घ्या. सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. आणि हो, साउथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळमाशीमुळे फळं, टोमॅटो, मिरच्या नेता येत नाहीत. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, भाजी पलीकडे गेल्यावर घ्या.

प्रश्न : आमच्याकडेही अशीच एसयूव्ही आहे. कॅम्परला शंभर अँपिअर-अवरची बॅटरी आहे, गाडीतून अँडरसन प्लगने (जाड वायरींच्या जोडणीने) वायर आणली आहे. सहा तास गाडी चालवूनही बॅटरी अर्धीच भरते आणि रात्री फ्रिज बंद पडतो. शिवाय ट्रेलर लावला की डॅशवर दिवा गेल्याची सूचना येते. बॅटरी खराब आहे का?

उत्तर : बॅटरी बदलू नका, ती बहुधा धडधाकट असेल. मल्टिमीटर घ्या, गाडी चालू ठेवून कॅम्परच्या बॅटरीवर व्होल्टेज बघा. मला खात्री आहे १२.५ च्या आसपास सापडेल. जुन्या गाड्यांचा अल्टरनेटर सतत चौदाच्या आसपास द्यायचा. तुमचा अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो. डिझेल वाचावं म्हणून तो एरवी व्होल्टेज पाडतो आणि तुम्ही उतारावर पाय काढला की वर नेतो. गाडीची बॅटरीही मुद्दाम थोडी रिकामी ठेवलेली असते, ब्रेकची ऊर्जा साठवायला. त्यात सहा-सात मीटर वायरमध्ये आणखी अर्धा व्होल्ट जातो. कॅम्परच्या बॅटरीपर्यंत पोहोचतं काय?

कॅम्परमध्ये, बॅटरीच्या अगदी जवळ, डीसी-डीसी चार्जर बसवा. तो कमी व्होल्टेज घेऊन १४.४ करून देतो. त्याला इग्निशनची वायर द्या, म्हणजे गाडी चालू आहे हे तो व्होल्टेजवरून ओळखत बसणार नाही. प्लगपर्यंतची वायर १३.५ चौरस मिलिमीटरची, बॅटरीशेजारी फ्यूज. एक चूक मी वारंवार पाहते, म्हणून आवर्जून लिहिते. काळी वायर गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर थेट लावू नका. त्या टोकावर एक सेन्सर असतो, जाणारा-येणारा करंट मोजणारा. तुम्ही त्याला वळसा घातला की गाडीचा हिशेब चुकतो आणि नसत्या सूचना सुरू होतात. काळी वायर बॉडीला लावा.

दिव्याची सूचना येते कारण कॅम्परचे एलईडी दिवे इतका कमी करंट घेतात की गाडीला बल्ब उडालाय असं वाटतं. मात्र मला काळजी दुसरीच आहे. तुमचं वायरिंग मागच्या दिव्यांच्या वायरी कापून जोडलेलं असेल तर गाडीला ट्रेलर लागलाय हेच ठाऊक नसतं. मग रिव्हर्स घेताना ती ट्रेलरला अडथळा समजून कचकन ब्रेक मारते, आणि ट्रेलर सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल जागंच होत नाही. त्या गाडीसाठी बनवलेली वायरिंग हार्नेस आणि मॉड्यूल बसवून कोडिंग, म्हणजे गाडीच्या संगणकात ट्रेलरची नोंद, करून घ्या. खर्च दुखतो, हे मला माहीत आहे. यात पैसे वाचवा असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगणार नाही.

प्रश्न : रिव्हर्स घेताना ट्रेलर नेमका उलटीकडे जातो. कॅम्पिंग पार्कात सगळे बघत असतात, मला घाम फुटतो.

उत्तर : हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला, सहाच्या आकड्यावर ठेवा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला जायला हवी, हात त्याच बाजूला हलवा. अगदी थोडा. कॅम्पर वाकायला लागला की लगेच हात परत आणा आणि गाडीने त्याच्या मागे जायचं. लांब कॅराव्हॅनपेक्षा आखूड कॅम्पर चटकन वळतो, म्हणून तो अवघड वाटतो, तुमच्यात काही कमी नाही. वाकडं झालं तर पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा सुरू करा. जागेवर पोहोचल्यावर आधी खाली उतरून चालत बघा, नळ कुठे, झाड कुठे, फांदी किती खाली. शक्यतो ट्रेलर तुमच्या खिडकीच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे वळेल असा आत घ्या, मान वळवून सगळं दिसतं. आणि मागे उभं राहून हातवारे करणारा माणूस एकच असू द्या, तोही तुमच्या आरशात दिसेल अशा जागी. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन बादल्या ठेवून तासभर सराव करा. पहिल्या वीस मिनिटांत बादल्या पडतील, नंतर कमी पडतील.