साइडबार जागेवर बसत नसेल तर

अरे, वेबपानाचा साइडबार (बाजूचा रकाना) जागेवर बसत नाही म्हणून CSS मध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, सगळीकडे पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट लावत सुटू नकोस, ज्याला लावशील तो डिव्ह (पानावरचा चौकोनी डबा) पानाच्या फ्लोमधून, म्हणजे एकापाठोपाठ एक मांडणीच्या क्रमातून, बाहेर पडतो आणि मोबाइलवर सरळ मजकुराच्या डोक्यावर येऊन बसतो. फोटोच्या कोपऱ्यात तारखेची पट्टी वगैरे हवी असेल तरच वापर, आणि तेव्हा बाहेरच्या डिव्हला पोझिशन रिलेटिव्ह दे, नाहीतर पट्टी पार पानाच्या कोपऱ्यात जाऊन चिकटेल. बाकी मांडणी ग्रिडने (CSS ची ओळी-रकान्यांची मांडणी) कर, २०१७ पासून मोठ्या ब्राउझरांत व्यवस्थित चालतंय. रंग रूटमध्ये (सगळ्या पानाला लागू होणाऱ्या नियमात) व्हेरिएबल करून, म्हणजे नावं देऊन ठेव, डार्क थीमला तेवढेच बदलायचे. आणि मराठीत लिहिणार असशील तर लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधल्या अंतराला) हातच लावू नको, शिरोरेषा तुटते, फार वाईट दिसतं ते. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या आकाराच्या १.७ पटीच्या आसपास ठेव, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकत नाहीत.