वाचक विचारतात: तीनशे वर्षं एकाच घराण्याकडे शेत कसं राहतं?

प्रश्न: नमस्कार भाऊ. माझा भाचा नोकरीला केपटाऊनला असतो, तिकडे फ्रान्शहूकजवळ तो एका द्राक्षं आणि फळांच्या शेतावर फिरून आला, म्हणे ह्यूगनॉट लोकांचं शेत, तीनशे वर्षं एकाच घराण्यात. आमची आजोबांची केळीची जमीन दोन पिढ्यांत अशी वाटली गेली की सातबाऱ्यावर नावंच नावं. हे लोक कोण आणि यांना जमलं कसं? आमचं जुनं धाब्याचं घर आहे, तिथं पर्यटन चालेल का? (एक वाचक, ता. रावेर)

उत्तर: ह्यूगनॉट म्हणजे फ्रान्सचे प्रोटेस्टंट. धर्म पाळायची मोकळीक त्यांना १५९८ ला मिळाली होती, ती चौदाव्या लुईनं १६८५ ला काढून घेतली आणि लाखावर माणसं देश सोडून पळाली. त्यातले दीड-दोनशे १६८८ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनच्या मुलखात, उतरले. वाइन यांनीच नेली असं गाईड लोक ठोकून देतात, पण केपची पहिली वाइन १६५९ लाच झालेली. यांची फ्रेंच दोन-तीन पिढ्यांत गेली, आडनावं तेवढी राहिली, डी व्हिलियर्स, डू प्लेसी, क्रोनिए, आपल्याला क्रिकेटमुळे पाठच आहेत.

आता वाटणीचं. भाऊ, तिथंही वाटणी होतीच, डच कायद्यानं नवरा-बायकोपैकी मागं राहील त्याला अर्धं आणि बाकीचं पोरा-पोरींना सारखं, हो, पोरींनाही. मग मालक वारला की घरातल्या भांड्याकुंड्यांपासून सगळ्याची यादी व्हायची, कित्येकदा लिलाव व्हायचा, आणि एखादा मुलगा कर्ज काढून बाकीच्यांचा हिस्सा विकत घ्यायचा किंवा विधवा दुसरं लग्न करायची आणि नवा नवरा शेत सांभाळायचा. म्हणजे शेत टिकलं ते भाऊबंदकी नव्हती म्हणून नाही, एकानं पैसे मोजले म्हणून. आणि सगळ्यांचं टिकलंही नाही. फ्रान्शहूकजवळचं बोशेनदाल हे शेत घ्या, १८१२ च्या पांढऱ्या कमानदार घराचे फोटो सगळीकडे दिसतात, ते डी व्हिलियर्सांच्या हातून १८७९ ला गेलं आणि पुढं हिऱ्यांच्या खाणींचा मालक आणि केपचा माजी पंतप्रधान सेसिल ऱ्होड्स याच्या फळबागांत जमा झालं.

त्या याद्यांमध्ये पिंपं, बैल यांच्यासोबत गुलामांची नावं असायची, त्यात बंगाल, मलबार, कोरोमंडलहून नेलेली आपल्याकडची माणसंही होती. गुलामी १८३४ ला संपली म्हणतात पण आणखी चार वर्षं त्यांना मालकाकडेच राबावं लागलं. नंतर मजुरीचा काही भाग वाइनमध्येच द्यायची डॉप नावाची पद्धत चालली, कायद्यानं बंद झाल्यावरही बरीच वर्षं, आणि त्यानं मजुरांची घरंच्या घरं दारूत बुडाली. वाइन चाखायला गेलेल्या पाहुण्याला हे सगळीकडे सांगत नाहीत, भाच्याला विचारा त्याला सांगितलं का.

तुमच्या घराचं म्हणाल तर खुशाल करा, पण आधी तलाठ्याकडून जुने फेरफार काढा, कोणाचा हिस्सा कधी कोणी घेतला ते लिहून ठेवा आणि हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, नाहीतर पहिला पाहुणा यायच्या आत नोटीस येईल. आणि भिंतीवर आजोबांचा फोटो लावाल तेव्हा ज्या सालदारांनी तुमची मृगबाग, म्हणजे जून-जुलैत लावलेली केळी, उभी केली, घड वाहिले, त्यांचीही नावं लावा, म्हातारे असतील तर त्यांना बोलतं करा.

प्रश्न: तिथल्या वेली पण तीनशे वर्षांच्या आहेत का? (द्राक्ष बागायतदार, साक्री)

उत्तर: नाही हो. १८८६ ला केपमध्ये फायलोक्सेरा आला, मुळांना लागणारी बारीक कीड, बागाच्या बागा वाळल्या. मग या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर, म्हणजे मुळाच्या भागावर, कलमं करून बागा नव्यानं लावल्या, आणि कित्येकांनी वेली सोडून पीच, प्लम, नाशपाती धरली. तिथं वाइनच्या जोडीला फळं आली ती अशी. तुम्ही डॉगरिजवर कलम करता ना, तो खुंटही अमेरिकेचाच, फक्त आपण तो पाण्याची टंचाई आणि खारट जमीन बघून घेतो.